अडकलेली चाल

रविवारी सकाळी आठच्या सुमारास सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी चाल गेलेली नाही."

सून चहा गाळत होती. नवऱ्याला पहाटे विमानतळावर सोडून ती नुकतीच परतली होती आणि दोन घोट चहा पोटात गेल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे. "कुठे गेलेली नाही?" तिने विचारलं.

"बाहेर. घरातून बाहेर पडलीच नाही. काल सहाला पाठवली होती मी."

चाल म्हणजे बुद्धिबळातली चाल. सासूबाईंनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर महिनाभरातच ईमेलने बुद्धिबळ खेळायला घेतलं. एका चालीला दिवसच्या दिवस लागायचे, त्यामुळे एकेक डाव वर्षभर चाले. सध्याचा डाव स्पर्धेचा अंतिम डाव होता. समोर परदेशातला एक दंतवैद्य. अकरा महिने झाले होते. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तो पट मांडलेला असे आणि उरलेल्या अर्ध्या भागावर घर जेवत असे.

"आज बारा वाजेपर्यंत चाल पोचली नाही, तर डाव त्याचा," सासूबाई म्हणाल्या. "विचाराचे सगळे दिवस मी वापरून टाकलेत. चाल पाठवली की दहा मिनिटांत आयोजकांची पोच येते. काल मी पाठवून मैत्रिणीकडे जेवायला गेले, आले ती झोपले. आता बघते तर पोच नाही. उलट त्यांचंच हे आलंय." त्यांनी फोन पुढे केला. आयोजकांचं मेल होतं. चार तास शिल्लक.

"मग माझ्या फोनवरून पाठवा ना. माझ्या मेलवरून."

"चालत नाही. नोंदवलेल्या पत्त्यावरूनच यायला हवी. पत्ता बदलायचा तर दोन दिवस आधी कळवावं लागतं." सासूबाईंनी मुलाचा नंबर पुन्हा लावून पाहिला. "तो फोन उचलत नाहीये."

तो कसा उचलणार? विमानात होता, दुपारी चारनंतर उतरणार होता. आणि सगळा उद्योग त्याचाच होता. आपली पत्रं परक्या कंपनीच्या कपाटात का ठेवायची, असं म्हणत त्याने घरातच मेलचा सर्व्हर उभा केला होता. बोळातल्या चपलांच्या कपाटावर पुस्तकाएवढी एक काळी पेटी, तिच्यात लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक, आणि तिला घरात सगळे 'डबा' म्हणत. गेली चार वर्षं डब्याने कधी कुरकुर केली नव्हती. कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

सुनेने कप खाली ठेवला. संगणकातलं तिला फारसं कळत नव्हतं. पण ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होती आणि तिचं काम गळती शोधण्याचं होतं. रस्त्याखालच्या नळावर लांब दांडी टेकवायची, दांडीच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं. खात्यातले लोक तिला गळतीबाई म्हणत. जमिनीखालचं, न दिसणारं काही बिघडलं की तिच्या अंगात एक प्रकारचा हुरूप संचारे. आताही तसंच झालं.

"बघू या," ती म्हणाली. "येणारं येतंय आणि जाणारं जात नाहीये. म्हणजे सगळंच बंद नाही. कुठेतरी एकाच बाजूला अडलंय."

"तुला येतं त्यातलं?"

"नाही. पण त्याची वही आहे."

सासू-सुनेचं भांडण कधी नव्हतं. तशी गट्टीही नव्हती. सात वर्षं एका घरात काढूनही दोघींचं बोलणं दूध आलं का आणि कपडे वाळले का, यापुढे फारसं जात नसे. सासूबाई पटापाशी आणि सून रस्त्यावर, असा संसार चालला होता. आज पहिल्यांदाच दोघी लॅपटॉपसमोर खांद्याला खांदा लावून बसल्या.

नवऱ्याची वही डब्याच्या बाजूला दोरीने टांगलेली असे. अक्षर मुंग्या पळाव्यात तसं, पण हुकूम नीट लिहिलेले होते. सुनेने लॅपटॉपवरून डब्यात प्रवेश केला आणि पहिला हुकूम टाइप केला. अडकलेल्या मेलची रांग दाखव.

रांग दिसली. पाच मेल होती. दोन नवऱ्याची, एक तिने वाचनालयाला लिहिलेलं, एक सासूबाईंच्या जुन्या विद्यार्थिनीला, आणि शेवटचं काल संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांचं.

"हे माझं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आहे म्हणजे. हरवलं नाही."

"हरवलं नाही. उंबऱ्यावर बसून आहे."

प्रत्येक मेलखाली एकच रड होती. जोडणीची वेळ संपली. म्हणजे डबा दार ठोठावत होता, वाट बघत होता आणि कंटाळून परत येत होता. समोरून नकारही येत नव्हता, होकारही नाही.

सासूबाईंनी उठून एक कोरा कागद आणला, मधोमध रेघ मारली, आणि डावीकडे 'काय केलं', उजवीकडे 'काय झालं' असं लिहिलं. "अंदाजपंचे काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"आमच्या खात्यात तुम्ही हव्या होता," सून म्हणाली, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, कारण सासूबाईंशी ती असं कधी बोलत नसे. सासूबाई हसल्या मात्र नाहीत. त्या वेळ लिहीत होत्या. आठ बावीस.

पुढचा तासभर भराभर गेला. सून एकेक सांधा तपासत गेली. डब्याला बाहेरच्या जगाची नावं ओळखता येतात का? येतात. बाहेरच्या संगणकाला नुसती हाक मारली तर ओ मिळते का? मिळते. मग मेलच्याच दाराशी काय होतंय? वहीत लिहिलं होतं की एक सर्व्हर दुसऱ्याला मेल देतो तो पंचवीस नंबरच्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे दाराचा नंबर, एवढं तिला उमगलं. तिने आयोजकांच्या सर्व्हरचं पंचवीस नंबर ठोठावून पाहिलं. मिनिट गेलं, दोन गेली. काही नाही. मग वाचनालयाचं ठोठावलं. काही नाही. मग तिच्या खात्याचं. तिथेही शुकशुकाट.

"तीन वेगळ्या गावच्या तीन वेगळ्या टाक्या एकाच दिवशी कोरड्या पडत नाहीत," ती म्हणाली. "दोष त्यांच्याकडे नाही. आपल्याकडून निघतानाच कुणीतरी झडप बंद केलीय."

"दुसरं एखादं दार बघ की."

वहीत पाचशे सत्याऐंशी नंबरचाही उल्लेख होता. आपल्या ओळखीच्या सर्व्हरला नाव आणि पासवर्ड सांगून मेल देण्याचं दार. सुनेने खात्याच्या सर्व्हरचं ते दार ठोठावलं आणि क्षणात समोरून ओळ उमटली. नमस्कार, मी तयार आहे.

सासूबाईंनी कागदावर दोन्ही नंबर एकाखाली एक लिहिले. एकापुढे बंद, दुसऱ्यापुढे उघडं.

"झडप आपल्या डब्यात असेल?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने डब्यातले सगळे पहाऱ्याचे नियम वाचले. आत येणाऱ्यांवर पहारा होता, बाहेर जाणाऱ्यांना कुणी अडवत नव्हतं. मग तिने डब्याची रोजनिशी उघडली. डबा जे काही करतो ते वेळेसकट तिथे लिहून ठेवतो, तिला लॉग म्हणतात, असं वहीत होतं. ती मागे मागे जात राहिली. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. गुरुवारी सकाळी एक मेल सुखरूप गेलेलं होतं. पहिलं अडकलेलं, गुरुवारी दुपारी तीन दहाला.

"गुरुवारी दुपारी काय झालं होतं?"

"मी घोडा हलवला होता," सासूबाई म्हणाल्या. मग लगेच, "अगं, तो माणूस आला होता. इंटरनेटवाला. जुनी वायर काढून नवी टाकली, नवा राउटर लावला. अडीचला गेला."

सुनेच्या अंगावर काटा आला. रस्त्यावर दांडीतून पाण्याची पहिली सळसळ कानावर येते तेव्हा येतो तसाच. तिने इंटरनेट कंपनीच्या मदत-केंद्राला फोन लावला.

तिथे आधी पंधरा मिनिटं संगीत वाजलं. मग एक तरुण आवाज म्हणाला, "मॅडम, राउटर बंद करून पुन्हा चालू करा." तिने केलं. काही बदललं नाही. "मॅडम, तुमचं इंटरनेट चालू दिसतंय." तिने सांगितलं की इंटरनेट चालू आहे, पंचवीस नंबर बंद आहे. "मॅडम, तुमचा घर नंबर पंचवीस आहे का?"

"इकडे दे," म्हणत सासूबाईंनी फोन घेतला. "हे बघ बाळ, मी तुला तीन वाक्यं सांगते, ती जशीच्या तशी तुझ्या वरिष्ठांना सांग. आधी लिहून घे. घेतलंस? आता मला वाचून दाखव." चौतीस वर्षं वर्गात मुरलेला आवाज होता तो. त्या मुलाने वाचून दाखवलं. पुन्हा संगीत लागलं.

सव्वादहाला एक बाई फोनवर आल्या. सर्दीने आवाज बसलेला, पण बोलणं मुद्द्याचं. "घरी स्वतःचा मेल सर्व्हर आहे तुमचा? बऱ्याच दिवसांनी कुणीतरी भेटलं," त्या म्हणाल्या. "नव्या लाइनवर सगळ्याच घरगुती ग्राहकांचा पंचवीस बाहेर जायला बंद असतो. लोकांच्या संगणकात किडे शिरतात आणि जगभर कचरा मेल पाठवत सुटतात, म्हणून. अर्ज केलात तर उघडून देतो. तीन दिवस लागतात."

"आमच्याकडे पावणेदोन तास आहेत," सून म्हणाली.

"मग असं करा. आमचा एक सर्व्हर आहे, ग्राहकांचं मेल पुढे नेणारा. तुमच्या डब्याला सांगा, स्वतः कुठे जाऊ नकोस, सगळं आमच्याकडे आणून दे. पाचशे सत्याऐंशी नंबर. ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड तुम्हाला जोडणीच्या कागदावर दिलाय." त्यांनी सर्व्हरचं नाव एकेक अक्षर सांगितलं आणि दोनदा म्हणवून घेतलं.

जोडणीचा कागद काही सापडेना. सुनेने कपाट उपसलं, फ्रिजवरचा ढीग उपसला, राउटरचं खोकं उपडं केलं. सासूबाईंनी पटाखालचा कागदांचा गठ्ठा ओढला आणि त्यातला एक कागद उलटा करून पुढे सरकवला. एका बाजूला ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड, दुसऱ्या बाजूला हत्ती आणि वजिराच्या चालींचं गणित, काठोकाठ भरलेलं.

"पाठकोरा होता," त्या म्हणाल्या.

सून तोंड फिरवून हसली आणि कामाला लागली. वहीत बघत, नेटवर शोधत तिने डब्याच्या मांडणीत नवा पत्ता घातला, पासवर्ड घातला, डब्याला मांडणी पुन्हा वाचायला लावली. मग स्वतःच्या ऑफिसच्या पत्त्यावर एक ओळ पाठवली.

लॉगमध्ये लगेच उत्तर आलं. या वेळी वाट बघणं नव्हतं, सरळ तक्रार होती. ओळख पटवता येत नाही. तिला वाटलं पासवर्ड चुकला. पुन्हा घातला. तेच. सासूबाईंनी अक्षर अक्षर वाचलं, तिने तिसऱ्यांदा घातला. तेच. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ती ओळ मला पूर्ण वाचू दे," सासूबाई म्हणाल्या. चष्मा वर करून त्या पडद्याजवळ गेल्या. "हा 'चूक' म्हणत नाहीये. 'एकही पद्धत उपलब्ध नाही' म्हणतोय. उत्तर चुकणं वेगळं आणि परीक्षेला पेनच न आणणं वेगळं. आपल्या डब्याकडे पेन नाहीये."

आणि तसंच निघालं. ओळख पटवण्याचं काम करणारं एक छोटंसं सॉफ्टवेअर डब्यात कधी घातलंच नव्हतं, कारण आजवर त्याला कुणाला ओळख द्यावी लागली नव्हती. नेटवर त्याचं नाव सापडलं. सुनेने ते उतरवून घेतलं. मिनिटभरात बसलं. तिने पुन्हा एक ओळ ऑफिसच्या पत्त्यावर पाठवली.

तिच्या फोनवर टिंग वाजलं.

"गेलं," ती म्हणाली. तिने सासूबाईंचा हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला. अकरा तेहतीस झाले होते. आता एक हुकूम दिला की रांगेतली पाचही मेल सुटणार होती. तिने कीबोर्डवर बोटं ठेवली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

त्या पटाकडे बघत होत्या. पासवर्डाच्या त्या पाठकोऱ्या कागदामुळे चालींचं गणित सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं, आणि सून सॉफ्टवेअर उतरवत असताना त्या सवयीने ते पुन्हा तपासत बसल्या होत्या. "मी काल हत्तीने प्यादं मारलंय. तो ते मारू देतोय. का मारू देतोय?" त्यांनी एकेक सोंगटी उचलून ठेवली. एक, दोन, तीन. चौथ्या चालीला दंतवैद्याचा घोडा पटाच्या मधोमध येऊन बसला, राजाला शह आणि वजिरावर डोळा. वजीर गेल्यातच जमा. "अगं, हा सापळा आहे."

"मग पाठवू नको?"

"मला खात्री करू दे. चार मिनिटं दे."

सुनेचं लक्ष टेबलावरच्या त्या दोन रकान्यांच्या कागदावर गेलं. सकाळी लॉग वाचताना सासूबाईंनीच हिशोब मांडला होता. डबा अडकलेलं मेल आधी पाच मिनिटांनी पुन्हा पाठवून बघतो, मग दहा, मग वीस, असं दुप्पट करत जातो आणि शेवटी दर सदुसष्ट मिनिटांनी प्रयत्न करत राहतो. त्या हिशोबाने एक प्रयत्न दहा बत्तीसला होऊन गेला होता. त्याखाली सासूबाईंच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, पुढचा अकरा एकोणचाळीस.

घड्याळात अकरा सदतीस झाले होते. दार आता उघडं होतं. तिने हुकूम दिला नाही तरी दोन मिनिटांत डबा आपल्या आपण चाल घेऊन जाणार होता.

रस्त्यावर नळ फुटला की आधी झडप बंद करायची, विचार नंतर. ती उठली, खुर्ची मागे पडली, बोळात धावली आणि डब्याची इंटरनेटची वायर उपटून काढली.

"काय केलंस?" आतून आवाज आला.

"तुम्हाला हवी तेवढी मिनिटं दिली," ती धापा टाकत म्हणाली.

वायर काढल्यामुळे लॅपटॉपवरून आत जाता येईना. तिने शेजारच्या खोलीतल्या संगणकाचा पडदा आणि कीबोर्ड ओढत आणून थेट डब्यालाच जोडला आणि चपलांच्या कपाटापुढे फरशीवर बसकण मारली. सासूबाई टेबलाशी, ती बोळात, मध्ये उघडं दार.

"नक्की," सासूबाईंचा आवाज आला. "काढून टाक ते. राजा एक घर डावीकडे, ही खरी चाल आहे."

रांगेतल्या प्रत्येक मेलला लांबलचक खूण असते, अंक आणि इंग्रजी अक्षरांची सरमिसळ. सुनेने सासूबाईंच्या मेलची खूण टाइप केली आणि ते काढून टाकायला सांगितलं. असं मेल नाही, डबा म्हणाला. तिने पुन्हा टाइप केली. असं मेल नाही. अकरा बेचाळीस.

"मला वाचून दाखवा, मी चुकतेय."

सासूबाई आल्या, तिच्या मागे वाकून उभ्या राहिल्या. "बी, सात, शून्य, चार..."

"शून्य?"

"शून्यच आहे. तू 'ओ' मारतेयस. बाकीच्या खुणा बघ. सगळ्यांत 'ए'पासून 'एफ'पर्यंतचीच अक्षरं आहेत. त्यात 'ओ' येईल कुठून?"

शून्य टाकल्याबरोबर मेल रांगेतून पुसलं गेलं. रांगेत चार उरली. सुनेने वायर खोचली, दिवा हिरवा झाला, आणि सासूबाई चप्पल न घालता टेबलाकडे पळाल्या. त्यांना पळताना सुनेने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चाल लिहिली, एकदा वाचली, पट बघून दुसऱ्यांदा वाचली. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा अकरा सत्तेचाळीस झाले होते.

लॉगमध्ये ओळ आली. पाठवलं.

मग दोघी पोचेची वाट बघत बसल्या. अकरा एक्कावन्न. त्रेपन्न. सासूबाई नखाने टेबलाची कड खरवडत होत्या. चोपन्नला फोन वाजला आणि दोघींनी एकदमच हात घातला. आयोजकांची पोच. आपली चाल मिळाली. शिल्लक वेळ, तेरा मिनिटे.

"तेरा," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या. मग त्यांना हसू फुटलं, आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी आलं. सूनही हसत सुटली. सकाळचा चहा ओट्यावर तसाच होता, वर साय धरून.

चारनंतर नवऱ्याचा फोन आला. आईचे सतरा मिस्ड कॉल बघून तो घाबरला होता. सुनेने त्याला सगळं सांगितलं. "ते सॉफ्टवेअर नव्हतं, हे तुला कसं कळलं?" शेवटी त्याने विचारलं.

"आईंनी सांगितलं," ती म्हणाली. "डब्याकडे पेन नाही म्हणाल्या."

दंतवैद्याचं उत्तर पाचव्या दिवशी आलं. त्याला राजाची ती चाल अपेक्षितच नव्हती. त्यानंतर तो तीन आठवडे झुंजला, पण त्याचा घोडा पटाच्या कोपऱ्यात जाऊन पडला तो तिथून हललाच नाही. एका संध्याकाळी सून कामावरून परतली, बूट चिखलाने भरलेले, तर सासूबाई बोळातच उभ्या होत्या. त्यांनी फोन पुढे केला. दंतवैद्याने डाव सोडला होता. तुम्ही हत्तीने प्यादं माराल म्हणून मी एक महिना वाट पाहिली, त्याने लिहिलं होतं. तुम्ही ते कसं ओळखलंत, हे कळेल का?

"काय लिहू त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"खरं ते लिहा."

"खरं लिहिलं तर त्याला वाटेल मी थट्टा करतेय." मग सुनेच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली. "बूट काढ आणि ये. आपण दोघी मिळून लिहू."